भाचेसाहेबांचं आधुनिक गोदाम

भाचेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव चांगलं होतं, केबिनच्या पाटीवर होतं, आणि त्याखाली 'गोदाम व्यवस्थापक' असंही लिहिलेलं होतं. पण एकोणीस वर्षांपूर्वी ते या नळ-पाइपांच्या गोदामात कारकून म्हणून लागले ते मामांचे भाचे म्हणून. मामा म्हणजे त्यांच्या आईचे सख्खे भाऊ आणि गोदामाचे स्टोअरकीपर. त्यामुळे हमालापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना 'भाचे' म्हणू लागले. पुढे बढती मिळाली, केबिन मिळाली, केबिनला काच मिळाली, तेव्हा लोकांनी मोठ्या मनानं मागे 'साहेब' जोडलं. पुढचं 'भाचे' आता काढून टाकावं, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

भाचेसाहेब हे सगळं गिळून होते. माणूस किती गिळणार? एके दिवशी एक प्लंबर हातात पितळेचा तुटका तुकडा घेऊन केबिनसमोर उभा राहिला. भाचेसाहेब स्वतः खुर्चीतून उठले. "बोला, काय हवंय?"

प्लंबरनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तुकडा खिशात घातला. "काही नाही साहेब. मामा आहेत का?"

मामा आले. त्यांनी तुकड्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता अंगठ्यानं चाचपला. मग ते तिसऱ्या ओळीत शिरले आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आले. हातात तोच भाग, नवा कोरा, सोबत एक वॉशर आणि एक बारीकशी स्प्रिंग.

"स्प्रिंग नाही मागितली मामा," प्लंबर म्हणाला.

"परवा मागशील. हा गेला की आठवड्यात तीही जाते. ने."

प्लंबर खूश होऊन गेला. केबिनच्या काचेमागे भाचेसाहेब उभेच होते. आपण या गोदामाचे व्यवस्थापक आहोत की मामांचे द्वारपाल, हा प्रश्न त्यांना त्या क्षणी पडला आणि जेवतानाही पडलेलाच राहिला.

मामांचं गोदाम ही एक वेगळीच चीज होती. वस्तू चार हजार दोनशे, यादी एकही नाही. जे एकत्र बिघडतं ते एकाशेजारी एक, एवढाच त्यांचा नियम. त्यामुळे बेसिनचा पाइप, त्याची चकती, त्याचं रबर आणि पाइप बसवताना हमखास फुटणारी फरशीची जाळी अशी सगळी बिऱ्हाडं मुलाबाळांसकट एका जागी नांदत होती. ओळी मोजता यायच्या, पण ओळखल्या जायच्या त्या नावांनी. गिऱ्हाइकांनी परत केलेला माल 'माहेरी'. वर्षानुवर्षं न खपलेला माल 'रुसलेल्यांत'. चकचकीत महागडे नळ ठेवले होते ती 'जावयांची मांडणी', कारण त्यांना जपून हात लावावा लागे आणि त्यांचा प्रत्यक्ष उपयोग फारसा नसे. नव्या कारकुनाला ही भाषा शिकायला वर्ष लागायचं. भाचेसाहेबांना एकोणीस वर्षांतही ती पुरती आली नव्हती, आणि आपण व्यवस्थापक असल्यामुळे ती येण्याची गरज नाही असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

त्यातच मालक कुठलंतरी मोठं गोदाम पाहून आले. तिथे म्हणे कुणी कुणाशी बोलत नाही, नुसती यंत्रं 'टूं' करतात आणि माल आपणहून सापडतो. मालकांनी बैठक घेतली. "आपल्याकडे हे कोण करेल?"

भाचेसाहेबांचा हात वर गेला. नंतर त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं, पण हात वर करायचं आपण कधी ठरवलं ते त्यांना आठवेना. "दीड महिन्यात करून दाखवतो," असं तोंडही परस्पर बोलून गेलं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मामांना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? सांगेन की."

"सांगणं वेगळं आणि विचारणं वेगळं."

"अगं, हा तांत्रिक विषय आहे," भाचेसाहेब म्हणाले. तांत्रिक विषयाचा एक फायदा असतो, तो असल्याचं जाहीर केलं की समोरचा माणूस भाजी निवडायला लागतो.

समोरच्या दारचे निवृत्त हेडक्लार्क मात्र गप्प बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी आयुष्यात गोदाम आतून पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांची मतं ठाम होती. "आधी फाइल उघडा," ते म्हणाले. "फाइल नसलेलं काम झालं तरी झालेलं नसतं. आणि दुसरं सांगतो, जुन्या माणसाला विश्वासात घेऊ नका. विश्वासात घेतलं की ती माणसं प्रश्न विचारतात." भाचेसाहेबांनी फाइल उघडली. दुसरा सल्लाही त्यांना मनापासून आवडला, हे इथे नमूद करायला हवं.

पहिली अडचण आली ती लेबलं छापायच्या यंत्राची. ते मुख्य कार्यालयाकडून मागवायचं होतं. मागणीपत्रावर वस्तूचा कोड लिहायची चौकट होती. भाचेसाहेबांनी ती रिकामी सोडली, पत्र परत आलं. त्यांनी फोन केला. तिकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "कोडशिवाय मागणी घेता येत नाही सर."

"पण कोड द्यायचं यंत्रच मागवतोय मी."

"हो ना. ते आलं की त्याला कोड मिळेल. मग तुम्ही ते मागवू शकता."

या वाक्यातून बाहेर पडायला भाचेसाहेबांना तेरा दिवस लागले. शेवटी त्यांनी ते यंत्र 'फ्लशची टाकी, पांढरी' या कोडखाली मागवलं. मुख्य कार्यालयानं तत्परतेनं पांढरी फ्लशची टाकी पाठवली. तिच्या परतीचा एक वेगळा अर्ज, आणि त्या अर्जासोबत टाकी न वापरल्याचा दाखला. टाकी न वापरल्याचा दाखला कोण देणार, यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार झाला. यंत्र आलं तेव्हा दीड महिन्यातला एक महिना गेला होता आणि भाचेसाहेबांची झोप उडाली होती.

मामांना त्यांनी सांगितलं ते या गडबडीत, जाता जाता. मामा स्टुलावर बसून वॉशर पुसत होते.

"मामा, सगळं नवीन मांडायचंय. प्रत्येक वस्तूला नंबर येणार. तुमचे कष्ट वाचतील."

"बरं," मामा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काय मांडायचंय?"

भाचेसाहेबांनी पुन्हा सांगितलं. मामांनी मान डोलावली आणि पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर भाचेसाहेबांचं डोकं सणकलं. मामा मुद्दाम आपली थट्टा करताहेत, हमालांसमोर आपल्याला खाली बघायला लावताहेत, असं त्यांनी धरून घेतलं. दुखावलेल्या माणसाला दुसरा अर्थ सुचत नाही.

खरं म्हणजे अर्थ लावायला इतरही गोष्टी होत्या. गेली दोन वर्षं मामी मामांना सकाळी गोदामापर्यंत सोडायला यायच्या आणि पाच वाजता न्यायला यायच्या. हमाल हसायचे. "म्हातारपणी प्रेम उतू चाललंय," असं पैलवान म्हणायचा. पैलवान हा गोदामातला सगळ्यात जुना हमाल, अंगानं इतका किरकोळ की पंख्याखाली उभा राहिला तर पंखा बंद करावासा वाटे. मामा चहालाही बाहेर जाईनासे झाले होते. सगळ्यांना वाटायचं, कामाची हौस. भाचेसाहेबांनाही तेच वाटायचं, आणि ती हौस त्यांना थोडी खुपायची.

मांडामांड शनिवार-रविवारी करायची ठरली. मामांना भाचेसाहेबांनी दोन दिवस घरी बसवलं. विश्रांती, असं तोंडानं म्हटलं. मनात होतं, सोमवारी ते येतील, सगळं बघतील, आणि एकदा तरी म्हणतील, शाब्बास. एकोणीस वर्षांत मामांनी त्यांना पुष्कळ काही दिलं होतं, तेवढं एक राहिलं होतं.

दोन दिवस गोदामात जो काय गोंधळ झाला तो सांगायला नको, पण सांगतो. सगळ्या वस्तू नावाच्या अक्षरानुसार लावायच्या होत्या. म्हणजे जाळी एका टोकाला गेली, बेसिनचा पाइप मधल्या ओळीत आणि त्याचं रबर दुसऱ्या टोकाला. वर्षानुवर्षं एकत्र नांदलेली बिऱ्हाडं एका दिवसात फुटली. जड टाक्या आपल्या अक्षराच्या हट्टापायी सगळ्यात वरच्या फळीवर चढल्या. "साहेब, एका बेसिनच्या सामानासाठी मी परगावी जाऊन यायचं का?" असं पैलवाननं विचारलं. त्याला गप्प बसवण्यात आलं. एकाच कॉकची तीन नावं निघाली, त्यामुळे तो तीन ठिकाणी गेला. पत्र्याखालच्या उकाड्यानं लेबलांचा डिंक सुटला आणि रविवारी दुपारी फरशीवर लेबलांचा सडा पडला. ती पुन्हा चिकटवताना कुठलं कुठे गेलं ते लेबलांनाच ठाऊक. स्कॅनरचं नेटवर्क शेवटच्या ओळीत पोचत नव्हतं. तिथली वस्तू दारापर्यंत आणायची, 'टूं' करायचं, आणि परत नेऊन ठेवायची, अशी तोड निघाली. जुन्या मांडण्यांवर खडूनं मारलेल्या खुणा भाचेसाहेबांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसल्या. नव्या गोदामात जुनी घाण नको.

सोमवारी मामा आले. मामी त्यांना दारात सोडून गेल्या. सगळे कामाचं सोंग करून बघत उभे राहिले.

मामांनी नेहमीसारखी टोपी खुंटीला लावली. नेहमीसारखे ते तिसऱ्या ओळीत गेले आणि न बघता उजवा हात पुढे केला. हातात टाकीचा दांडा आला. त्यांनी तो परत ठेवला आणि पुन्हा हात पुढे केला. पुन्हा दांडा. कुणीतरी फिसकन हसलं.

भाचेसाहेब पुढे झाले. आज त्यांचा दिवस होता. "मामा, आता असं अंदाजानं नाही. हे यंत्र धरा, इथे दाबा."

मामांनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. ते पुढच्या ओळीत गेले. मग त्याच्या पुढच्या. भाचेसाहेबांना फोन आला म्हणून ते केबिनमध्ये शिरले.

अकराच्या सुमारास पैलवान आला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "साहेब, जरा या."

मामा पाचव्या ओळीत जमिनीवर बसले होते. पाठ मांडणीला, गुडघे पोटाशी. एका हातात रबराची चकती घट्ट धरलेली. ते रडत नव्हते, पण रडून झालेल्या मुलासारखे दिसत होते. भाचेसाहेब वाकले तेव्हा मामांनी अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "बाहेर कुठून जायचं हो?"

ज्या माणसानं या चार भिंतींत छत्तीस वर्षं काढली, त्याला दार सापडत नव्हतं. भाचेसाहेबांनी मामांचा हात धरला. तो हात थंड होता आणि त्यांना तो ओळखत नव्हता.

मामींना फोन केला. त्या आल्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना कसलंच आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी मामांना पाणी पाजलं, टोपी घातली, बाकावर बसवलं आणि केबिनमध्ये येऊन समोर बसल्या.

"दोन वर्षं झाली रे," त्या म्हणाल्या. "घरी न्हाणीघराचं दार सापडत नाही त्यांना. धाकट्या मुलीचं नाव आठवत नाही. रस्त्यावर एकटं सोडायची सोय नाही. पण इथे आणून सोडलं की सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, जिथे हात आपणहून चालतो तिथे चालू दे, चालेल तितके दिवस. म्हणून आणत होते."

"मला का नाही सांगितलंत मामी?"

"येणार होते सांगायला. दोनदा या दारापर्यंत आले. तू फोनवर होतास. मग वाटलं, नको. तू साहेब आहेस आता. साहेबाला कळलं की त्याला काहीतरी करावं लागतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मामी उठल्या, मामांच्या दंडाला धरून फाटकाबाहेर गेल्या, आणि बारा वाजता कुणाला न्यायला कुणी येत नसतं, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

मग भाचेसाहेबांनी एक वेडेपणा केला. निदान तिसरी ओळ तरी पूर्वीसारखी लावायची, असं त्यांनी ठरवलं. ती तशी झाली तर मामांचा हात पुन्हा चालेल. मालकांना सांगितलं, नेटवर्कची दुरुस्ती आहे. हमालांना, कारकुनाला, दोन ड्रायव्हरांना बोलावलं. "सांगा, कुठे काय होतं?"

आणि कुणालाच सांगता येईना. प्रत्येकाला आपला हात पोचायचा तेवढंच आठवत होतं, आणि तेही दुसऱ्याच्या आठवणीशी जुळत नव्हतं. कारकून म्हणे वॉशर खालच्या फळीवर होते. पैलवान म्हणे, तुझ्या जन्माआधीपासून ते मधल्या फळीवर होते. दोघं हातघाईवर आले. खडूच्या खुणा भाचेसाहेबांनीच पुसलेल्या. यादी कधी नव्हतीच. जुनं मोडण्याआधी ते कसं होतं हे कागदावर उतरवून ठेवावं, इतकी साधी गोष्ट त्या जाडजूड फाइलमध्ये कुठेही नव्हती. फाइलमध्ये टाकी न वापरल्याचा दाखला होता.

शेवटी एका ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये फोटो सापडला. कुणाच्यातरी निरोप समारंभाचा. अकरा माणसं दात दाखवून उभी, आणि त्यांच्यामागे तिसरी ओळ, म्हणजे अकरा माणसांनी पूर्ण झाकलेली तिसरी ओळ. पैलवानचा कान आणि कारकुनाचा खांदा यांच्या मधल्या फटीत एक खोका दिसत होता. सगळ्यांनी फोटो मोठा करकरून पाहिला. स्प्रिंगांचा खोका! भाचेसाहेबांनी तो स्वतः जागेवर नेऊन ठेवला. चार हजार दोनशे वस्तूंपैकी एक वस्तू आपल्या घरी परतली. पैलवान त्याच्या आजूबाजूला अंदाजानं सामान लावत राहिला.

दुसऱ्या दिवशी मामांना आणलं. मामा तिसऱ्या ओळीत आले, उजवा हात पुढे केला, आणि हात नेमका स्प्रिंगांच्या खोक्यावर पडला. मामांचा चेहरा असा उजळला की भाचेसाहेबांना रडू फुटायचं बाकी राहिलं. मग मामांनी हात डावीकडे नेला. तिथे भलतंच होतं. वर नेला, तिथेही भलतंच. हात थोडा वेळ हवेत राहिला आणि खाली आला. मामांनी सगळीकडे नजर फिरवली आणि पाहुण्यानं म्हणावं तसं म्हणाले, "छान ठेवलंय हो. आमचं वेगळं आहे."

हीच ती शाब्बासकी. भाचेसाहेबांना ती मिळाली.

यानंतर खरं म्हणजे गोदाम कोसळायला हवं होतं. तसं काही झालं नाही. डिंक बदलला, नेटवर्क आलं, जड माल खाली उतरला, तीन नावांचा कॉक एका नावावर आला, आणि दोन महिन्यांत यंत्रं अशी 'टूं टूं' करू लागली की मालक पाहुणे घेऊन येऊ लागले. प्लंबर सरळ खिडकीशी येत आणि नंबर सांगत. स्प्रिंगसाठी त्यांना आठवड्यानं पुन्हा यावं लागे, पण त्याची नोंद कुठेच होत नव्हती. मामा कुठे आहेत, असं पहिल्या महिन्यात पुष्कळांनी विचारलं, दुसऱ्यात थोड्यांनी. भाचेसाहेबांना आता सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. भाचे म्हणायला मामा समोर लागतात.

मालकांनी त्यांना दुसऱ्या शाखांसाठी टिपण लिहायला सांगितलं, गोदाम आधुनिक करताना टाळायच्या चुका. साहेबांनी अकरा चुका लिहिल्या. डिंक, पत्रा, वजन, नेटवर्क. अशा पहिल्या दहा मालकांना फार आवडल्या. अकरावी मात्र मालकांनी खोडली. "'जुन्या माणसाला शेजारी बसवून विचारा', हे काय आहे? हे काही तांत्रिक नाही."

त्या दिवशी साहेब अर्धी रजा टाकून मामांकडे गेले. इतके दिवस जायचं धाडस झालं नव्हतं. मामींनी दार उघडलं, "बरं झालं आलास," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मामा खोलीच्या मधोमध उभे होते. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, बाकी भिंती.

"या," मामा म्हणाले. "नवीन लागलात वाटतं?"

"हो," साहेब म्हणाले.

"घाबरू नका. वर्षभर सगळ्यांनाच जड जातं. तसा मी थोड्याच दिवसांचा आहे इथे. माझा भाचा येणार आहे. सगळं त्याच्या हवाली केलं की मी सुटलो."

"कसा आहे भाचा?"

"हुशार आहे. फार हुशार." मामांनी मान डोलावली. "फक्त विचारत नाही कधी काही. मी वाट बघतोय, विचारेल म्हणून. आपणहून सांगायला गेलं की त्याला अपमान वाटतो."

मामींच्या हातातलं भांडं आतल्या खोलीत वाजायचं थांबलं. साहेब त्या कोऱ्या भिंतीपाशी गेले, मामांच्या शेजारी उभे राहिले, आणि डोळे न पुसताच त्यांनी बोट दाखवून विचारलं, "मामा, या फळीवर काय असतं?"

"वॉशर," मामा म्हणाले. "मधल्या फळीवर. हात लावून बघा."

साहेबांनी भिंतीला हात लावला. मामांनी त्यांचं मनगट धरून तो दोन बोटं डावीकडे सरकवला. मग ते पुढच्या वस्तूकडे गेले, आणि साहेब त्यांच्यामागून भिंतीभिंतीनं चालू लागले, प्रत्येक ठिकाणी थांबून, प्रत्येक गोष्ट विचारत.